धरसोड : एका शब्दाचा अभ्यास

अस्थिर मनाच्या माणसाला नावे ठेवायला मराठीत शब्दांची मुळीच कमतरता नाही. चंचल, लहरी, चलबिचल, तळ्यात-मळ्यात, धरसोड असे कितीतरी शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण त्यांचे अर्थ सारखे नाहीत. गुणपत्रकातल्या शेऱ्यात किंवा डॉर्मिटरीतल्या चिडवण्यात चुकीचा शब्द पडला, तर तो मुलाला वर्षभर चिकटून राहतो. म्हणून या लेखासाठी मी ‘धरसोड’ हा शब्द निवडला आहे.

आधी त्याचे शेजारी पाहू. ‘चंचल’ संस्कृतातून आला. ‘चल्’ म्हणजे हलणे. या धातूची पुनरावृत्ती होऊन ‘सतत हलणारे’ असा अर्थ तयार झाला. विजेला आणि लक्ष्मीला ‘चंचला’ म्हणतात ते यामुळेच. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाबद्दल हाच शब्द वापरतो. म्हणजे रणांगणावर उभ्या असलेल्या धनुर्धरालाही ही अडचण होती. श्रीकृष्ण त्यासाठी त्याला रागावत नाहीत, तर अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतात. चंचलपणा हा मनाचा स्वभाव आहे, गुन्हा नव्हे.

‘लहरी’ माणूस लहर आली की काम हाती घेतो आणि लहर ओसरली की सोडून देतो. ‘चलबिचल’ मात्र तात्पुरती असते. वेढ्यात सापडलेल्या सैन्यात चलबिचल होते आणि सेनापती समोर आला की थांबतेही. म्हणून ‘तो चलबिचल आहे’ असे आपण म्हणत नाही, ‘त्याच्या मनाची चलबिचल झाली’ असे म्हणतो. ‘घडीत तोळा घडीत मासा’ हे बदलत्या मर्जीबद्दल आहे. हा मासा पाण्यातला नाही. ते सोनाराचे जुने वजन आहे आणि 12 मासे म्हणजे एक तोळा.

आता ‘धरसोड’. धरणे आणि सोडणे या दोन क्रियापदांचा हा जोडशब्द. उठबस, ये-जा, देवघेव हेही तसेच बनले आहेत, पण त्यांत कोणताही दोष नाही. धरणे वाईट नाही आणि सोडणेही वाईट नाही. दोन्ही पुन्हा पुन्हा, कारणाशिवाय होऊ लागले की मग त्याला धरसोड म्हणतात. हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘त्याच्या धरसोडीमुळे संघाचे नुकसान झाले’, ‘धरसोड वृत्तीच्या माणसावर जबाबदारी सोपवता येत नाही’ असा त्याचा उपयोग होतो.

इथे एक शंका येते. निर्णय बदलला की ती धरसोडच का?

इतिहासातील एक उदाहरण घेऊ. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले आणि स्वतःकडे 12 ठेवले. 1670 मध्ये कोंढाणा परत घेतला आणि मग एकामागून एक इतर किल्लेही. आधी धरले, मग सोडले, मग पुन्हा धरले. शब्दाचा नुसता सांधा सोडवून पाहिला तर ही धरसोडच दिसते. पण कोणीही तसे म्हणत नाही. कारण सोडले ते किल्ले होते. स्वराज्याचा हेतू एकदाही सुटला नव्हता. म्हणून हा शब्द वापरण्यापूर्वी विचारावे, की सोडताना काय धरून ठेवले होते?

आमच्या वर्गातील एका मित्राला ‘धरसोड्या’ हे नाव पडले आहे. त्याने दोन वर्षे बॉक्सिंग केले आणि मग ते सोडून लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळला. डोळ्याला मार बसल्यावर डॉक्टरांनी बॉक्सिंग बंद करायला सांगितले, हे नाव ठेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. आज तो पीटीच्या आधी अर्धा तास उठून धावतो, थंडीतही. त्याने खेळ सोडला, मेहनत सोडली नाही. मराठीच्या नियमाने पाहिले तरी त्याचे हे टोपणनाव चुकीचे आहे.

याउलट, एकाच सत्रात गिटार, बुद्धिबळ आणि रोजनिशी सुरू करून तिन्ही पंधरा दिवसांत बंद पडत असतील, तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आणि ‘धरसोड’ हा शब्द दोन्ही तिथे शोभतील.

परेडवर ‘पीछे मुड’चा हुकूम झाला की सगळी तुकडी उलट्या दिशेला तोंड करते, पण कोणाचा पाय चुकत नाही. दिशा बदलणे आणि पाय चुकणे यात जो फरक आहे, तोच निर्णय बदलणे आणि धरसोड यात आहे.

आम्ही दहावीची मुले लवकरच विषय निवडणार आहोत. काहींचे निर्णय पुढे बदलतीलही. आई-बाबांना आणि शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. ‘धरसोड’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्या मुलाला बोलावून कारण विचारावे. त्याच्याकडे कारण नसेल, तर शब्द खुशाल लिहावा.