नाताळची अपुरी फिल्म

पुणे

चि. सोनूस,


तुझा मेल वाचला, फिल्मचा कच्चा कटही पाहिला. हॉस्टेलवर सगळ्यांनी मिळून ‘रॅपसिटी स्ट्रीट किड्स : बिलीव्ह इन सँटा’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म लावली आणि पोट धरधरून हसलात, असं लिहिलंयस. पुढच्याच ओळीत विचारतेस, माझी वसईची नाताळ-फिल्म वेळेत पुरी होत नाही, तर आहे तशीच दाखवू का? उत्तर द्यायच्या आधी एक सांगतो. ती ‘रॅपसिटी’ पुन्हा बघ. या वेळी एकटी बस आणि वही जवळ ठेव.

2002 च्या नाताळात ती अमेरिकेत टीव्हीवर दाखवली गेली. आवाज कुणाचे होते ते बघ : मार्क हॅमिल, बार्ट सिम्पसनचा आवाज देणारी नॅन्सी कार्टराइट, एरियलचा आवाज देणारी जोडी बेन्सन, बेलचा आवाज देणारी पेज ओ’हारा. एवढी माणसं हाताशी असूनही पडद्यावर जे आलं ते अर्धवट होतं. चेहरे ताठर, पाय जमिनीवरून घसरतात, घरं आणि रस्ते ओकेबोके. पण सोनू, हे दोष प्रेक्षक सोसतो. मला सर्वांत जास्त खटकतो तो पणजीचा आवाज. गोष्टीतला मुलगा रिकी आपल्या पणजीजवळ राहतो, आणि तिचं बोलणं इतकं घोगरं, इतकं दबलेलं आहे की शब्दच कळत नाहीत. त्या घरातलं मोठं माणूस तेवढं एकच, आणि ते काय म्हणतंय ते ऐकूच येत नाही. चित्र कच्चं असलं तर माणूस मनाने भरून काढतो. न ऐकू आलेलं वाक्य कशाने भरून काढणार?

दुसरं, टेडी. गोष्ट मुळात चांगली आहे, हे तुम्ही हसताना विसरलात. रिकी आईची शेवटची आठवण असलेलं अस्वल शाळेतल्या निकोलला भेट देतो, ती ते फेकून देते, आणि त्याची किंमत कळल्यावर शोधायला निघते. सगळा भार त्या एका खेळण्यावर. मग ते देतानाचे हात, घेतानाचा तिचा चेहरा, एवढं तरी जिवापाड करायला हवं होतं. तिथेही तेच ताठर चेहरे. सगळीकडे थोडं थोडं काम झालं, आणि जिथे गोष्ट उभी राहते तिथे कमी पडलं.

आता ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ घे. 9 डिसेंबर 1965 ला सीबीएसवर आली. हातात जेमतेम सहा महिने होते, आणि काम प्रसारणाच्या थोडेच दिवस आधी संपलं. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना ती संथ वाटली, जॅझ खटकलं, फसली असंच त्यांनी धरून ठेवलं होतं. दोष आहेतच : हालचाली तुटक, काही वाक्यांना जोड दिल्याचं ऐकू येतं. सॅलीचा आवाज देणारी मुलगी इतकी लहान की तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्याकडून तुकड्या-तुकड्याने वाक्यं म्हणवून घेतली. तरी प्रेक्षकांनी ती उचलून धरली, एमीसुद्धा मिळाली. कारण लेखक शुल्झ, दिग्दर्शक मेलेंडेझ आणि निर्माते मेंडेलसन यांनी काय सोडायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. खऱ्या मुलांचे आवाज, ग्वाराल्डीचं संगीत, अ‍ॅल्युमिनियमच्या झाडांमध्ये ते किरटं खरं झाड, आणि लायनसचं रंगमंचावर एकट्याने बोलणं. तिथे तर हालचाल नावापुरतीच आहे. खोटा हशाही शुल्झने घालू दिला नाही.

आता तुझी फिल्म. तिच्या नऊ मिनिटांत बाजाराची गर्दी आहे, चर्चची मिरवणूक आहे, बंदरावरच्या होड्या आहेत. तिन्ही काढून टाक. जीव तुटेल, मला माहीत आहे. होड्यांच्या पाण्यावर तू रात्री जागवल्या आहेस आणि ते पाणी खरोखर सुरेख झालं आहे. पण आजोबा गोठा मांडताना नातीच्या हातात बाळ येशूची मूर्ती देतात, त्या शॉटमध्ये बोटं मूर्तीतून आरपार जातात. तो शॉट तसा दाखवायचा नाही. रिगला हात लावायला वेळ नसेल तर क्लोज-अप घे, हाताने चौकटी काढ, पेन्सिलच्या राहू देत. रंग न भरलेली रेघ प्रेक्षकाला चालते.

आजोबांचा आवाज अजून स्क्रॅच ट्रॅकच आहे ना? मागे पंख्याची घरघर आहे आणि ‘तुझ्या आजीने’ हे शब्द गिळले गेलेत. तेवढ्या दोन शब्दांवर ती पोर मूर्ती जपून धरते. रेंडर थांबव, आधी हे रेकॉर्डिंग पुन्हा कर. खोलीत गोधड्या टांग, पंखा बंद कर, आजोबांचा आवाज देणाऱ्या काकांना जेवणानंतर बसव, ते तेव्हा निवांत बोलतात.

साडेचार-पाच मिनिटांची फिल्म उरेल. मार्गदर्शक कुरकुरले तर त्यांना कापलेले शॉट वेगळे दाखव, आणि का कापले ते सांग. नव्या आवाजाची फाइल रविवारपर्यंत मला पाठव, मी हेडफोन लावून ऐकतो आणि लगेच फोन करतो.

तुझा,
मामा