सायकलचा दिवा उशाशी नको

पहाटे सायकलवरून दूध घालणारा एक तरुण मध्यंतरी भाजलेला हात घेऊन माझ्या दवाखान्यात आला. स्वस्तातला परदेशी दिवा त्याने रात्रभर उशाशी चार्जिंगला लावला होता. सेल फुटून अंथरूण पेटले. वर घरच्यांनी जखमेवर टूथपेस्ट थापलेली!

अशा दिव्यांत बहुधा लिथियम-आयन सेल असतो. तो ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. चांगला चार्जर तेथेच थांबतो. हलक्या प्रतीचा थांबेलच असे नाही. मग सेल तापतो, आत वायू साठतो आणि भडका उडतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब अशा '१८६५०' सेलवर ९९०० एमएएच छापले असेल, तर ती थाप समजावी. चांगल्या सेलची क्षमताही साधारण ३५०० असते.

म्हणून सेलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण पाहा. जागे असतानाच, अंथरुणापासून दूर, फरशीवर चार्ज करा. फुगलेला सेल वापरू नका. भाजल्यास तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नका. नंतर डॉक्टरांना दाखवा.

त्या तरुणाचा हात सुदैवाने बरा झाला. दर वेळी तसे होईलच, असे नाही.