न्यायदान आणि खासगीपणाचा हक्क : गाझियाबादच्या न्यायालयापासून घटनापीठापर्यंत

न्यायालयाचे कामकाज खुले असावे, हे लोकशाही न्यायव्यवस्थेचे मूलतत्त्व आहे. बंद दाराआड झालेला न्याय संशयाला जागा देतो. मात्र न्यायालयात आलेली व्यक्ती, मग ती पीडित असो, साक्षीदार असो वा आरोपी, आपली प्रतिष्ठा दाराबाहेर ठेवून आत येत नाही. खुलेपणा आणि खासगीपणा या दोन मूल्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा आधुनिक न्यायव्यवस्थेपुढील कळीचा प्रश्न आहे. राज्यघटना, प्रशासन आणि नीतिशास्त्र या तिन्ही विषयांना तो स्पर्श करीत असल्याने स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातून समजून घ्यावयास हवा.

पार्श्वभूमी : एक खटला, अनेक प्रश्न

दिल्लीला लागून असलेला गाझियाबाद जिल्हा १९७६ मध्ये मेरठ जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील केंद्रीय अन्वेषण विभागाच्या (सीबीआय) विशेष न्यायालयात अनेक गाजलेले खटले चालले. मे २००८ मध्ये नोएडा येथे एका अल्पवयीन मुलीची आणि त्या घरातील नोकराची हत्या झाली. त्या दुहेरी हत्येचा खटलाही याच न्यायालयात चालला. प्रस्तुत लेखाच्या विषयाला साजेसे म्हणून येथे संबंधितांची नावे दिलेली नाहीत.

तपासाच्या पहिल्याच आठवड्यात मुलीच्या वडिलांना अटक झाली. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन हत्येचा हेतू सांगितला. त्यात मृत मुलीच्या चारित्र्याविषयी आणि कुटुंबाच्या खासगी संबंधांविषयी विधाने होती. न्यायालयात काहीही सिद्ध होण्यापूर्वीच ती देशभर पोहोचली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. तीन घरगुती कामगार व मदतनीस संशयित ठरले. त्यांच्या नार्को चाचण्या झाल्या आणि त्यांत ते काय बोलले याची चर्चा वाहिन्यांवर रंगली. त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र मात्र कधीच दाखल झाले नाही. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांना वार्तांकनात संयम बाळगण्याची सूचना केली.

सीबीआयने डिसेंबर २०१० मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. गाझियाबादच्या न्यायालयाने तो फेटाळून फेब्रुवारी २०११ मध्ये आईवडिलांना आरोपी म्हणून पाचारण केले. त्याच्या काही दिवस आधी न्यायालयाच्या आवारातच वडिलांवर धारदार शस्त्राने हल्ला झाला होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पुराव्यांची साखळी पूर्ण होत नसल्याच्या कारणावरून त्यांची निर्दोष मुक्तता केली. या निर्णयाविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दाखल करून घेतले.

या घटनाक्रमातून तीन प्रश्न उभे राहतात. तपासी यंत्रणेने किती सांगावे? आरोपीच्या मनात शिरण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे काय? आणि मृत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे रक्षण कोणी करावे?

घटनात्मक प्रवास

राज्यघटनेत ‘खासगीपणाचा हक्क’ असा स्वतंत्र अनुच्छेद नाही. एम. पी. शर्मा खटल्यात (१९५४) आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडती व जप्तीच्या संदर्भात असा हक्क मान्य करण्यास नकार दिला. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पाही उत्तर प्रदेशातीलच आहे. खरक सिंग खटल्यात (१९६२) तेथील पोलीस नियमावलीतील पाळत ठेवण्याच्या तरतुदींना आव्हान देण्यात आले. रात्री-अपरात्री घरी जाऊन तपासणी करण्याची तरतूद न्यायालयाने रद्द केली. परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे बहुमताने मान्य केले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमतातील निकालपत्रात त्याला व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक घटक मानले. पुढे गोविंद (१९७५), राजगोपाल (१९९४) आणि दूरध्वनी संभाषण चोरून ऐकण्याविषयीच्या पीयूसीएल (१९९६) खटल्यांतून हा विचार बळावत गेला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खासगीपणाला अनुच्छेद २१ अन्वये मूलभूत हक्काचा दर्जा दिला. मात्र हा हक्क निरंकुश नाही. त्यावर मर्यादा घालताना तीन कसोट्या लागू होतात : कायद्याचा आधार, राज्यसंस्थेचे वैध उद्दिष्ट आणि उद्दिष्ट व उपाय यांतील प्रमाणशीरता.

नार्को चाचणी आणि मनाचे खासगीपण

सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (५ मे २०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचण्या संमतीविना करण्यास मनाई केली. अशी सक्ती अनुच्छेद २०(३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा आणि अनुच्छेद २१ चा भंग ठरते. संमतीने झालेल्या चाचणीचे निष्कर्षही थेट पुरावा होत नाहीत. त्यातून पुढे हाती लागलेली वस्तू वा माहिती मात्र साक्षीपुराव्याच्या कायद्यानुसार ग्राह्य धरता येते. बोलावे की मौन पाळावे, ही निवड व्यक्तीची स्वतःची आहे, हे या निकालाचे सार होय.

खुले न्यायालय : नियम आणि अपवाद

या संदर्भात मुंबईचा नरेश श्रीधर मिरजकर खटला (१९६६) अभ्यासनीय आहे. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराने, आपल्या साक्षीच्या प्रसिद्धीमुळे व्यवसायाचे नुकसान होते, अशी तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ती साक्ष प्रसिद्ध न करण्याचा तोंडी आदेश दिला. पत्रकारांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने खुली सुनावणी हाच नियम असल्याचे सांगितले. त्याचबरोबर न्यायाच्या हितासाठी अपवाद करण्याचा न्यायालयाचा अंगभूत अधिकारही मान्य केला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले.

कायद्याने केलेले प्रमुख अपवाद असे :

• लैंगिक अत्याचार : पीडितेची ओळख उघड करणे १९८३ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ अन्वये गुन्हा होता. आता ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. निपुण सक्सेना खटल्यानुसार (२०१८) पीडितेच्या मृत्यूनंतरही हे बंधन कायम राहते.
• बालके : पॉक्सो अधिनियम, २०१२ व बाल न्याय अधिनियम, २०१५ (कलम ७४) ओळख गोपनीय ठेवण्यास सांगतात.
• वैवाहिक दावे : हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार सुनावणी बंद दालनात होते.
• साक्षीदार : महेंद्र चावला खटल्यात (२०१८) साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता मिळाली.

नोएडा प्रकरणातील मुलीला यांपैकी पहिल्या अपवादाचे कवच नव्हते, कारण तो खटला हत्येचा होता. मृताची बदनामी हा गुन्हा असला तरी त्यासाठी नातलगांनी दाद मागावी लागते. येथे तर नातलगच आरोपीच्या पिंजऱ्यात होते. कायद्यातील ही पोकळी पोलिसांच्या संयमानेच भरून निघू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय गृह मंत्रालयाला पोलिसांच्या माध्यम-संवादासाठी मार्गदर्शक नियमावली तयार करण्याचे निर्देश दिले, त्यामागे हेच भान आहे.

संगणकीकरणाची नवी आव्हाने

ई-न्यायालय प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. २०२३ मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. खटल्याची तारीख व निकाल घरबसल्या कळणे ही मोठी सोय आहे. परंतु पूर्वी दप्तरखान्यात पडून राहणारे निकालपत्र आता नाव टाकताच समोर येते. निर्दोष सुटलेल्या व्यक्तीलाही नोकरी, विवाह वा भाड्याचे घर मिळविताना त्याची झळ बसते. ‘विस्मृतीचा हक्क’ मागणाऱ्या याचिका उच्च न्यायालयांत दाखल होतात, त्या यामुळेच. स्वप्निल त्रिपाठी खटल्यात (२०१८) थेट प्रक्षेपणास अनुमती देताना न्यायालयाने वैवाहिक व लैंगिक गुन्ह्यांची प्रकरणे वगळण्यास सांगितले.

फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ नुसार घेतलेली मोजमापे ७५ वर्षे जतन होतात. पूर्वी दोषसिद्धी नसलेली व्यक्ती अंतिमतः निर्दोष सुटल्यास, न्यायालयाचा वेगळा आदेश नसेल तर, ती नष्ट करावयाची आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने न्यायालयीन कामकाज व गुन्हे तपास यांना अनेक बंधनांतून सूट दिली आहे. ही सूट प्रमाणशीरतेच्या कसोटीवर पारखणे, हा येत्या काळातील महत्त्वाचा विषय राहील.

समारोप

न्याय झाल्याचे दिसले पाहिजे, हे खरेच. परंतु दिसावयाचा असतो तो न्याय, माणसाचे खासगी आयुष्य नव्हे. तपासाच्या पहिल्या दिवशी उच्चारलेले बेजबाबदार वाक्य नऊ वर्षांनंतरचा निकालही पुसू शकत नाही. उद्याच्या प्रशासकांनी हा धडा ध्यानी ठेवावा.

सरावासाठी प्रश्न

१. खासगीपणाच्या हक्काचा १९५४ ते २०१७ हा प्रवास स्पष्ट करा.
२. ‘खुली सुनावणी हा नियम, गोपनीयता हा अपवाद.’ मिरजकर खटल्याच्या संदर्भात चर्चा करा.
३. आपण जिल्हा पोलीस अधीक्षक आहात. अल्पवयीन मुलीच्या हत्येच्या तपासाविषयी माध्यमे माहिती मागत आहेत. आपण कोणती माहिती द्याल, कोणती राखून ठेवाल? कारणे लिहा.