पानफुटी

फारशी निगा न राखताही जी फुलझाडे घराच्या अंगणात किंवा गच्चीवर तग धरून राहतात, त्यांत पानफुटीची गणना होते. हिलाच पर्णबीज असेही म्हणतात. हिचे मूळ स्थान मादागास्कर बेट. परंतु भारतात ही इतकी रुळली आहे की, ती परकी आहे असे कोणास वाटत नाही.

पानफुटीची पाने जाड व मांसल असून त्यांच्या कडांना खाचा असतात. पान ओलसर मातीवर ठेवले की, काही दिवसांतच या खाचांतून बारीक मुळे आणि इवली पाने डोकावू लागतात. हिवाळ्यात झाडाच्या शेंड्यावर उंच दांडा येतो व त्यावर तांबूस, घंटेसारखी फुले लोंबू लागतात.

इतक्या थोड्या पाण्यावर ही वनस्पती जगते तरी कशी? बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. त्या वेळी उन्हाने पानांतील बरेच पाणी वाफ होऊन निघून जाते. पानफुटी मात्र आपली रंध्रे मुख्यतः रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री घेतलेला वायू ती आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून, सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करते.

या रहस्याचा एक धागा भारतातच सापडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना हिची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव व संध्याकाळी किंचित कडू लागली. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीने प्रसिद्ध केले. मात्र या पानांत हृदयास अपायकारक द्रव्ये असतात. म्हणून ती कोणी चाखू नयेत, गुराढोरांनाही खाऊ देऊ नयेत.

लागवडीसाठी तळाला भोक असलेली कुंडी घ्यावी. भोकावर खापरीचा तुकडा ठेवून वाळूमिश्रित माती भरावी. रोपाला मुळे फुटून दोन-चार पाने आली की, ते अलगद वेगळे करून लावावे. कुंडीला काही तास ऊन मिळावे. वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे व पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत ठेवावी. रोज पाणी घातल्याने मुळांना हवा मिळत नाही. ती कुजतात आणि हिरवेगार झाड मान टाकते. छाटलेली पाने रानात टाकू नयेत. ती तेथे रुजून स्थानिक वनस्पतींची जागा बळकावतात.

झाडावर माया असावी. परंतु त्याला काय हवे आणि किती हवे, हे ओळखूनच ती करावी.

अभ्यास
१. पानफुटी हे नाव कशावरून पडले असावे?
२. पानफुटी दिवसा रंध्रे का मिटून घेते?
३. पानफुटीचे एक पान ओलसर मातीवर ठेवा. रोज निरीक्षण करून वहीत टिपणे लिहा.