काझीचा निवाडा आणि वारसाचा हक्क

काझी हा शब्द ऐकताच आज आपल्याला निकाहची नोंदवही आठवते. वास्तविक काझी म्हणजे न्यायाधीश. आपल्या देशातही शतकानुशतके काझी तंट्यांचे निवाडे करीत. इंग्रजांनी १८६४ च्या कायद्याने ते पद मोडीत काढले. १८८० च्या काझी कायद्याने निकाहसारख्या विधींपुरते काझी नेमण्याची तरतूद झाली. न्यायदानाचा अधिकार मात्र परत आला नाही. आडनावात तेवढी त्याची खूण उरली.

या पदाचा उगम मदीनेत आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात तंटा झाला की लोक एखाद्या पंचाकडे वा भविष्यवेत्त्याकडे जात. परंतु निर्णय अमलात येणे टोळीच्या बळावर अवलंबून असे. दुबळ्याला दाद मिळणे कठीणच. हिजरतीनंतर (इ.स. ६२२) मदीनेत झालेल्या कराराने वादाचा निर्णय अल्लाह व त्याच्या प्रेषितांकडे सोपविला गेला. आदरणीय अली (रजि.) यांना येमेनला पाठविताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले की, दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याखेरीज पहिल्याच्या बाजूने निर्णय देऊ नये. संतापाच्या भरात निवाडा करण्यासही त्यांनी मनाई केली.

आदरणीय उमर (रजि.) यांच्या काळात निरनिराळ्या शहरांत काझी नेमले गेले. कूफा येथील काझी शुरैह यांचे नाव तर दृष्टांतासारखे घेतले जाते. अबू मूसा अशअरी (रजि.) यांना उमर (रजि.) यांनी लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्याचा आशय वाचकांनी ध्यानात घ्यावा : दोन्ही पक्षांना बसविण्यात आणि त्यांच्याकडे पाहण्यातही समानता राखावी, पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची, शपथ नाकारणाऱ्याची, आणि काल दिलेला निर्णय आज चुकीचा वाटला तर सत्याकडे परतण्यास संकोच करू नये.

इतके नियम असूनही न्यायालयाला एक मर्यादा आहे, आणि आपल्या घरांशी तिचा थेट संबंध आहे. न्यायाधीश मन जाणत नाही. तो कागद आणि साक्ष पाहतो. कुरआनने (४:११) मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तरीही वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. असा कागद कायद्याने टिकेलही. पण भीडेने घेतलेली सही राजीखुशीची म्हणता येईल काय?

उम्मे सलमा (रजि.) यांच्या कथनानुसार, दोन माणसे वारशाचा वाद घेऊन प्रेषितांकडे आली. पुरावा कोणाकडेच नव्हता. प्रेषितांनी त्यांना बजावले की, आपणही मनुष्यच आहोत आणि जे ऐकतो त्यावरून निर्णय देतो. एखादा अधिक वाक्चातुर्याने आपली बाजू मांडील. परंतु निर्णयाने भावाचा हक्क त्याला मिळाला, तर तो आगीचा तुकडाच समजावा. साक्षात प्रेषितांच्या निवाड्यानेही परक्याचा हक्क हलाल होत नाही, हे ऐकून दोघे रडू लागले आणि प्रत्येक जण आपला हक्क दुसऱ्याला देऊ लागला. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की, न्याय्य वाटणी करा, चिठ्ठ्या टाका आणि मग एकमेकांना माफ करा.