उमेदवारांची शाळा

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. म्युनिक ही त्याची राजधानी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नगरातील सामान्य घरचा मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी प्राथमिक शाळेतून बाहेर पडे आणि एखाद्या सुताराकडे, लोहाराकडे, चांभाराकडे किंवा पाव भाजणाऱ्याकडे उमेदवारी करू लागे. उमेदवारीची मुदत साधारणतः तीन-चार वर्षांची असे. या मुदतीत मालकाने त्याला धंदा शिकवावा आणि त्याने मालकाचे काम करावे, असा उभयतांचा करार होई. करार कागदावर चांगला होता. परंतु कारखान्यांची वाढ होऊ लागल्यापासून लहान कारागिरांना कठीण दिवस आले होते. गिऱ्हाईक टिकवण्याच्या विवंचनेत असलेल्या मालकाला मुलाला शिकवीत बसण्यास सवड कोठून मिळणार? पुष्कळ ठिकाणी उमेदवार म्हणजे झाडलोट करणारा, निरोप पोचवणारा आणि वर्षानुवर्षे एकच एक काम उपसणारा स्वस्त मजूर होऊन बसला.

अशा मुलांसाठी सरकारने पूरक शाळा ठेवल्या होत्या आणि तेथे जाणे सक्तीचेही होते. या शाळा संध्याकाळी किंवा रविवारी भरत. दिवसभर राबून आलेला, अंगाला भुसा नाहीतर पीठ लागलेला मुलगा तेथे येऊन बसे. आणि त्याच्यापुढे काय येई? प्राथमिक शाळेत वाचलेले धडे, तेथेच सोडवलेली गणिते. जे एकदा शिकून झाले तेच पुन्हा शिकताना कोणास आनंद वाटेल? मुले पेंगत आणि सुटकेची वाट पाहत. शिक्षकही त्यांच्याइतकेच कंटाळलेले असत.

१८९५ साली गेओर्ग केर्शनस्टायनर हे म्युनिक नगराच्या शाळांचे प्रमुख झाले. त्यांचा जन्म १८५४ मध्ये याच नगरात झाला होता. घरची स्थिती बेताची. विशी उलटण्यापूर्वीच ते खेड्यातील प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षक झाले. पण आपले स्वतःचे ज्ञान अपुरे आहे हे जाणवताच त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुन्हा विद्यार्थी होऊन गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. पुढे माध्यमिक शाळांत गणित शिकवताना ते मुलांना घेऊन रानावनांत हिंडत. पुस्तकातील फुलापेक्षा बांधावरचे फूल अधिक शिकवते, असा त्यांचा अनुभव होता. शाळांचे प्रमुखपद हाती आल्यावर त्यांची दृष्टी प्रथम गेली ती या पेंगणाऱ्या वर्गांकडे.

त्याच सुमारास एर्फुर्ट येथील एका विद्वत्सभेने निबंधस्पर्धा जाहीर केली. प्राथमिक शाळा सोडल्यापासून सैन्यात भरती होईपर्यंतच्या काळात मुलांना समाजाचे चांगले घटक कसे बनवावे, असा निबंधाचा विषय होता. प्रश्न फार वास्तविक होता. चौदापासून विसापर्यंतची वर्षे म्हणजे माणूस घडण्याची वर्षे. आणि नेमक्या त्याच वर्षांत बहुसंख्य मुलांकडे कोणाचेच लक्ष नसे. केर्शनस्टायनर यांच्या निबंधास १९०१ मध्ये पारितोषिक मिळाले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : मुलाला नागरिक करावयाचे असेल, तर नागरिकत्वावर व्याख्याने देऊन भागणार नाही. ज्या गोष्टीत त्याचे मन गुंतले आहे तेथूनच आरंभ केला पाहिजे. उमेदवाराचे मन कोठे गुंतलेले असते? त्याच्या धंद्यात. मग धंदा हाच शाळेचा मध्यबिंदू का नसावा?

हा विचार त्यांनी केवळ निबंधात ठेवला नाही. १९०० पासून पुढच्या काही वर्षांत त्यांनी जुन्या पूरक शाळा मोडून प्रत्येक धंद्यासाठी स्वतंत्र शाळा उभारल्या. सुतारांची वेगळी, खाटकांची वेगळी, न्हाव्यांची वेगळी, धुराडी साफ करणाऱ्यांची वेगळी. पाहता पाहता चाळीसांहून अधिक धंद्यांची अशी सोय झाली. शिकवण्याची वेळ आठवड्यातून सुमारे आठ-नऊ तास. आणि तीही रात्रीची नव्हे, दिवसाची. शाळेतच कर्मशाळा उभ्या राहिल्या. तेथे रंधे, करवती, ऐरणी, भट्ट्या आल्या. अनुभवी कारागीर शिक्षक म्हणून नेमले गेले.

या शाळांत धंद्याखेरीज दुसरे काही शिकवीत नसत, असे मात्र कोणी समजू नये. भाषा होती, गणित होते, चित्रकला होती, आरोग्यशास्त्र आणि नागरिकशास्त्रही होते. परंतु हे सर्व विषय धंद्याच्या दारातून आत येत. पाव भाजणाऱ्या मुलाचे गणित पिठाच्या भावाचे आणि सरपणाच्या खर्चाचे असे. हिशेबाची वही कशी ठेवावी, मागणीचे पत्र कसे लिहावे, हा त्याचा भाषेचा अभ्यास. धुराडी साफ करणाऱ्याला ज्वलन म्हणजे काय, हवा कशी वर चढते, आग कशामुळे लागते, हे कळणे भाग होते. म्हणजे पदार्थविज्ञान आलेच. न्हाव्याच्या मुलाला त्वचेचे रोग व स्वच्छता यांचे ज्ञान हवे. आणि एकदा आपल्या धंद्याचा इतिहास मुलाला समजू लागला, की आपला धंदा दुसऱ्या धंद्यांवर कसा अवलंबून आहे, नगरपालिका व कायदा यांचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे प्रश्न त्याला आपोआप पडू लागत. नागरिकशास्त्राचा धडा तेथून सुरू होई.

आता या योजनेतील सर्वांत अवघड भाग पाहू. शाळा दिवसा भरवावयाची, तर उमेदवाराला दुकानातून सोडणार कोण? मालक कुरकुरू लागले. आठवड्यातील आठ-नऊ तास म्हणजे जवळजवळ एक दिवसाचे काम बुडणार; शिवाय धंदा शिकवणे हे आमचे काम, शिक्षकांना त्यातले काय कळते, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. ज्याने आयुष्यात कधी रंधा धरला नाही, त्याने सुतारकाम शिकवू नये हे खरेच आहे.

केर्शनस्टायनर यांनी मालकांशी भांडण मांडले नाही. जर्मनीत प्रत्येक धंद्यातील कारागिरांचे संघ असत. आपल्याकडे प्राचीन काळी श्रेणी होत्या, तशाच प्रकारच्या या संस्था. त्यांनी या संघांनाच शाळेचे भागीदार केले. शाळेत काय शिकवावे याविषयी संघांचा सल्ला घेतला जाई. संघांचे प्रतिनिधी शाळेच्या मंडळावर बसत. कर्मशाळेसाठी लागणारा माल मिळवण्यास संघ साहाय्य करीत. आणि शिकवणारे कारागीर त्यांच्यातूनच येत. आपल्या मुलांना दुकानात जे शिकवणे आपल्यास साधत नाही ते येथे शिकवले जाते, हे मालकांना दिसून आले, तेव्हा त्यांचा विरोध निवळत गेला. शाळेहून परत आलेला मुलगा लाकडाची जात ओळखतो, नकाशा वाचतो, माल वाया घालवीत नाही, हे पाहून कोणता मालक नाराज होईल?

पण या भागीदारीत एक मर्यादा होती आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संघांनी सल्ला द्यावा, माल द्यावा, माणसे द्यावीत. शाळा मात्र नगराची राहील. मुलाने शाळेत जे काम करावयाचे ते विकण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी. दुकानात एक खुर्ची लवकर झाली तर मालकाचा फायदा. शाळेत ती खुर्ची सावकाश झाली, एकदा बिघडली आणि पुन्हा नीट केली, तर मुलाचा फायदा. हे दोन फायदे नेहमी एकच असतात असे नाही. म्हणूनच दुकानाजवळ शाळा असावी, पण ती दुकान होऊ नये.

काम करता करता शिकणे म्हणजे काय, हे समजावून सांगताना केर्शनस्टायनर यांनी एक उदाहरण दिले आहे. स्टार्लिंग हा साळुंकीच्या कुळातील एक पक्षी. त्याला घरटे करता यावे म्हणून जर्मनीत लोक अंगणात लाकडाची लहानशी पेटी टांगतात. समजा, एका मुलाला एक फळी दिली आणि अशी पेटी करावयास सांगितले. तो लगेच करवत चालवू लागला तर फळी फुकट जाईल. प्रथम त्याने पेटीचे सर्व भाग मनात उभे केले पाहिजेत. एका फळीतून ते कसे निघतील याचे माप घेतले पाहिजे. कोणता तुकडा आधी कापावा हे ठरवले पाहिजे. म्हणजे विचार आधी, हत्यार मागाहून. आणि पेटी तयार झाल्यावर ती चांगली झाली की नाही हे सांगण्यास शिक्षकाची गरजच पडत नाही. सांधे जुळले नाहीत तर फट डोळ्यांना दिसते. गुण्या लावला की कोपरा काटकोनात आहे की नाही ते कळते. पुस्तकातील उत्तर चुकले तर मुलगा शिक्षकाच्या तोंडाकडे पाहतो. पेटी चुकली तर तो पेटीकडे पाहतो. स्वतःच्या कामाची स्वतःच पारख करण्याची ही सवय केर्शनस्टायनर यांना कसबापेक्षाही मोलाची वाटे. १९०८ साली झुरिक येथील व्याख्यानात त्यांनी भावी काळची शाळा ही केवळ पुस्तकांची नसून कामाची शाळा असेल, असा विचार मांडला, त्याचे मर्म हेच होते.

म्युनिकच्या शाळा पाहण्यास देशोदेशीचे शिक्षणतज्ज्ञ येऊ लागले. १९१० मध्ये केर्शनस्टायनर स्वतः अमेरिकेत व्याख्याने देऊन आले. परंतु कौतुकाबरोबर शंकाही निघाल्या. शिकागोच्या शाळांचे माजी प्रमुख एडविन कूली यांनी अशाच धर्तीवर इलिनॉय राज्यात धंदेशिक्षणाच्या स्वतंत्र शाळा काढाव्यात, असा आग्रह धरला, तेव्हा प्रसिद्ध तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी त्यास विरोध केला. कामातून शिक्षण ही कल्पना ड्यूई यांना अत्यंत प्रिय होती. किंबहुना केर्शनस्टायनर स्वतः त्यांचे ग्रंथ आदराने वाचीत. मग विरोध कशासाठी? ड्यूई यांची भीती अशी, की शाळाच वेगळ्या केल्या तर मजुरांची मुले एकीकडे आणि धनिकांची मुले दुसरीकडे अशी कायमची फाळणी होईल, आणि कारखानदारांना हवी तशी माणसे तयार करून देणे एवढेच त्या शाळांचे काम उरेल. कूली यांची योजना तेथे संमत झाली नाही.

ही भीती खोटी होती असे म्हणता येत नाही. खुद्द म्युनिकमध्येही मुलींच्या वाट्यास मुख्यतः स्वयंपाक, शिवण आणि गृहव्यवस्था हेच विषय आले. मुलगी उत्तम सुतार किंवा छपाई कारागीर होऊ शकेल, हा विचार त्या काळी या थोर शिक्षकालाही फारसा सुचला नाही. शिवाय आजही जर्मनीच्या बहुतेक राज्यांत दहाव्या वर्षाच्या सुमारास, चौथी संपताच, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. त्यावर तेथे वाद चालूच असतो. दहा वर्षांच्या मुलाचे भवितव्य इतक्या लवकर कोणी ओळखावे?

केर्शनस्टायनर १९३२ साली वारले. त्यांनी रुजवलेली पद्धत मात्र वाढत गेली आणि १९६९ मध्ये पश्चिम जर्मनीत कायदा होऊन तिला देशभर एकच चौकट मिळाली. शिक्षण दोन ठिकाणी चालते म्हणून तिला दुहेरी पद्धत म्हणतात. विद्यार्थी आठवड्यातील तीन-चार दिवस एखाद्या कारखान्यात, बँकेत किंवा दुकानात काम शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. शिकत असताना त्याला दरमहा ठरावीक वेतन मिळते. मान्यताप्राप्त व्यवसायांची संख्या तीनशेहून अधिक आहे, आणि त्यांत मुलीही आहेत. अखेरची परीक्षा कोणी एक मालक घेत नाही. परीक्षक मंडळावर मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि निदान एक शिक्षक असावाच लागतो. उमेदवाराने आपल्याच मालकाची मर्जी सांभाळून परीक्षा उत्तीर्ण व्हावे, ही वेळ त्यामुळे येत नाही.

या विचारांचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंतही आला आहे. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन १९२६ पर्यंत बर्लिन येथे शिकत होते. केर्शनस्टायनर यांच्या लेखनाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. १९३७ च्या ऑक्टोबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योगातून शिक्षण देण्याची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. वर्ध्यास म्युनिकसारखे संघ नव्हते की दुकाने नव्हती. येथे टकळी आणि चरखाच शाळेत आला होता, आणि मुलांनी काढलेल्या मालातून शाळेचा खर्च बऱ्याच अंशी भागावा अशी गांधीजींची इच्छा होती. गरीब देशात दुसरा उपाय तरी कोणता, असा त्यांचा प्रश्न होता. झाकिर हुसेन यांना उद्योग मान्य होता, शिक्षणही मान्य होते. पण खर्चाच्या हिशेबावर भर पडला तर शिक्षक मुलांकडून अधिकाधिक काम काढून घेण्याच्या मागे लागतील, ही चिंता त्यांनी परिषदेत गांधीजींच्या समक्षच बोलून दाखवली. त्याच वर्षी डिसेंबरात समितीने आपला अहवाल दिला. त्यात उद्योगाची थोरवी सविस्तर सांगितली आहे आणि त्याच अहवालात हा धोकाही स्पष्ट शब्दांत लिहून ठेवला आहे.