गुडघे दुखत असता बळ कसे वाढवावे

उज्जैनकरांना पंचक्रोशी यात्रेची ओळख करून देण्याची गरज नाही. येथील पंचांगाप्रमाणे वैशाख कृष्ण दशमीला (आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य) यात्रेकरू पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराला नारळ अर्पण करून चालण्याचे बळ मागून घेतात, आणि सुमारे ११८ किलोमीटरांची वाट पुरी झाली की मातीचे घोडे वाहून ते परत करतात. बळ उसने घेऊन फेडण्याची ही रीत मोठी गोड आहे. परंतु मांडीच्या स्नायूंचे बळ ज्याचे त्यालाच कमवावे लागते, आणि चाळिशी उलटल्यावर ते न कमवता हळूहळू उतरू लागते.

आपल्या घरांतून एक समज पक्का बसलेला आहे: गुडघा झिजला, आता त्याला विश्रांती द्यावी. हा समज हानिकारक आहे. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, दबला आणि सुटला, म्हणजे त्यातील वंगणातून तिला पोषण मिळते. माणूस बसून राहिला की हे पोषण कमी होतेच, शिवाय मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो आणि पावलागणिक बसणारा भार थेट सांध्यावर येतो. मग दुखणे वाढते, म्हणून तो अधिक बसतो. वयोमानाच्या संधिवातावर आजचे वैद्यकशास्त्र पहिला उपाय व्यायामाचाच सांगते, तो याच कारणाने.

मल्लखांबाचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, ते याच उज्जैनचे. अशा गावात तालमीची थोरवी सांगणे नको. पण तालीम पोरांची, आपले वय गेले, असे म्हणणारेच फार. तालमीतल्या पूर्ण बैठका दुखऱ्या गुडघ्याने मारू नयेत, हे खरे. त्याऐवजी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठावे आणि सावकाश बसावे. बसतानाचा सावकाशपणा महत्त्वाचा. धपकन बसणाऱ्याचा अर्धा व्यायाम वाया जातो. आरंभी आठ-दहा वेळा, असे दोन फेरे, आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. नंतर खुर्चीत बसून एक-एक पाय सरळ करावा; सोपे वाटू लागले की घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधावी. भिंतीला हात लावून जोर काढावेत, टाचा उचलाव्यात. श्वास कोंडू नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी.

थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे पूर्ववत झाले, तर मात्रा योग्य होती. वाढलेलेच राहिले, तर पुढच्या खेपेस कमी करावे, सोडू मात्र नये. सांधा लाल व गरम होऊन सुजला, ताप आला, किंवा गुडघा मध्येच अडकू लागला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वजन जास्त असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की शरीराचे एक किलो उतरले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

पंचक्रोशीचा विचार असणाऱ्यांनी संक्रांतीपासून आरंभ केल्यास तीनेक महिने हाती राहतात.